मऊ पत्ती

“मग यंदा पालखीपुढं कोण वाजवणार, बुवा?”

भैरूबुवा काही बोलले नाहीत. ते ओसरीवर मांडी घालून बसले होते आणि सनईच्या तोंडाशी बसवायची गवताची पत्ती वाटीतल्या पाण्यात भिजवत होते. पत्ती भिजल्याशिवाय बोलत नाही. बुवांचंही तसंच होतं.

उमाकांत वाट पाहत राहिला. वाट पाहण्याची त्याला सवय राहिली नव्हती. पुण्याच्या मंगल कार्यालयांत लोक त्याची वाट पाहायचे. अंगात रेशमी झब्बा, पुढ्यात माइक, शेजारी सूर देणारी विजेवरची पेटी. त्याची सनई इतकी मऊ, की बायका अक्षता टाकायच्या विसरतात, असं तो स्वतःच सांगायचा. त्यात थोडं खरंही होतं.

पण ही सनई त्याच्या हाती दिली होती भैरूबुवांनी, खडकेवाडीत, याच ओसरीवर. आणि पुण्यात कितीही टाळ्या मिळाल्या तरी खडकेवाडीच्या वाघजाईच्या पालखीपुढे त्यानं एकदाही गाणं वाजवलं नव्हतं. ते त्याला सलत होतं.

“बुवा... मी काय विचारतोय?”

“ऐकलं की.”

चैत्री पुनवेला वाघजाईची पालखी नदीवर आंघोळीला उतरते आणि टेकडी चढून देवळात परत जाते. पालखीपुढे दोन सनया. एक गाणं वाजवते, दुसरी एकच सूर धरून ठेवते. नदीपासून देवळाच्या दारापर्यंत तो सूर तुटता कामा नये. तुटला तर पालखी असेल तिथे टेकवायची, आणि नदीवर जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बुवांच्या हयातीत तो कधी तुटला नव्हता.

गाणं वाजवणारा पुढे असतो. सगळं गाव त्याच्याकडे बघतं. सूर धरणारा त्याच्या खांद्यामागे उभा असतो, आणि त्याचं नावसुद्धा कुणी विचारत नाही.

उमाकांतचं सगळं पोरपण त्या खांद्यामागे गेलं होतं. त्याला कंटाळूनच तो पुण्याला पळाला. मग बुवांचे मेहुणे श्रीपती सूर धरू लागले. यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि फुंकायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. ही बातमी कानावर पडली आणि उमाकांतनं लग्नसराईतली दोन लग्नं सोडून पहिली एसटी पकडली.

“मी सांगू का?” तो म्हणाला. “तुमचं आता वय झालं. तुम्ही मागं उभं राहून निवांत सूर धरा. पुढचं मी बघतो.”

“निवांत...” बुवा म्हणाले.

“मग काय! एकच तर सूर. त्यात काय करायचंय?”

बुवांनी वाटीतलं पाणी बदललं.

उमाकांत उठला, “आलोच” म्हणाला आणि गोठ्यामागे गेला. बुवांसमोर तो सिगारेट ओढायचा नाही. तेवढी अदब त्यानं पाळली होती. गोठ्यावरून धुराची निळी रेघ वर चढायची आणि ओसरीवरून सगळ्यांना दिसायची, ते सोडा. परत येताना त्याच्या तोंडात लवंग असायची.

“लवंगा संपल्या असल्या तर तुझ्या काकीकडं हायत,” बुवा म्हणाले.

उमाकांत ओशाळला. आणि ओशाळला की तो वाद घालायचा, ही त्याची जुनी खोड.

“बुवा, तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला. पण धूर काय सनईत शिरतो? मी डॉक्टरला दाखवून आलोय.”

“कशापायी?”

“सकाळी जरा खोकला येतो. कफ पडतो. जिना चढलं की... ते जाऊ दे. त्यांनी मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. आता मला फुंकायला लावायचं म्हणजे!” तो हसला. “गाल भरून असं लांब फुंकलं की ते बघतच राहिले. म्हणाले, गाल वापरू नका, छातीतनं सोडा, एकदम जोरात. मग तसं केलं.”

“मग?”

“म्हणाले, तुमची हवा बाहेर पडायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो.” उमाकांतनं मांडीवर थाप मारली. “म्हणजे दम लांबला ना, बुवा! सनईवाल्याला आणखी काय पाहिजे?”

“आनि काय म्हनाले?”

“आणखी... सिगारेट सोडा म्हणाले. ते काय, सगळ्यांनाच म्हणतात.”

बुवा हसायला लागले. आधी पोट हललं, मग खांदे. काकी हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आल्या.

“काय झालं हो?”

“काय न्हाई. उमाचा दम लांबलाय.”

काकींना काही कळलं नाही. बुवा हसताहेत म्हणजे बरंच असणार, असं समजून त्या आत गेल्या.

“उमा,” बुवा डोळे पुसत म्हणाले, “तू लगीनघरातला मानूस. मला सांग, कार्यालयाचं दार बारीक असलं तर वऱ्हाड भाईर पडाय येळ लागतो का न्हाई?”

“लागतो.”

“म्हंजी वऱ्हाड मोठं झालं?”

उमाकांतनं तोंडातली लवंग या गालातून त्या गालात सरकवली.

“निम्मं आतच अडकून बसतंय,” बुवा म्हणाले. “जुनं निघंना, आन् नव्याला आत जागा न्हाई.”

...

माणसाला आपली चूक कळली की तो शांत होतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. उमाकांत शांत झाला नाही. त्यानं मखमली पिशवीतून सनई काढली.

“वऱ्हाड राहू दे. ऐकून तर घ्या.”

आणि तो वाजवू लागला. खरंच सुंदर वाजवलं. सकाळचा राग, दुधावरच्या सायीसारखा मऊ. बोटं हलकी, सुरावरून सुरावर घसरणारी मींड गोड. बुवांचे डोळे मिटले. गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली होती की काय, कोण जाणे. पण काकींच्या भाकरी थापणाऱ्या हाताचा आवाज नक्की थांबला.

वाजवून झालं.

“ग्वाड हाय,” बुवा म्हणाले. त्यांनी मनापासून म्हटलं.

उमाकांतचा जीव सुपाएवढा झाला.

“दे बघू इकडं.”

बुवांनी त्याच्या सनईची पत्ती काढली, उपरण्यानं अलगद पुसली आणि स्वतःच्या सनईला बसवली. छाती भरून फुंकर घातली.

आवाज आला नाही. नुसतं फुस्स.

“हळू, बुवा! पातळ आहे ती. जोरात फुंकलं की ओठ मिटतात तिचे.”

“हळू?” बुवांनी पुन्हा फुंकलं. फुस्स.

“अजून हळू.”

“अजून?”

“हां... अजून थोडं.”

झोपलेल्या लेकराच्या तोंडावरची माशी हाकलावी, इतकी बारीक फुंकर बुवांनी सोडली. तेव्हा कुठे पत्ती बोलली.

बुवांनी सनई खाली ठेवली.

“पयल्यापासनं एवढीच पातळ वाजवतोस?”

उमाकांत बुवांच्या सनईवरच्या त्या पत्तीकडे बघू लागला.

पहिल्यापासून नव्हती. पुण्याला गेल्यावर पहिल्या वर्षी त्यानं पत्ती चाकूनं जराशी तासली होती. पुण्याची हवा कोरडी, म्हणून. पुढच्या वर्षी अजून थोडी, माइकला कडक आवाज चालत नाही म्हणून. मग लोकांना मऊ आवडतं म्हणून. दर वेळी कारण नवं, आणि चाकू मात्र एकाच दिशेनं चाललेला. आपण पत्ती कशाला तासतोय हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं, आणि उत्तर ना माइकचं होतं ना लोकांचं; ते छातीचं होतं.

बुवांनी वाटीतली भिजलेली पत्ती काढली, त्याच्या सनईला बसवली आणि सनई त्याच्या हातात दिली.

“वाजीव.”

उमाकांतनं फुंकलं. काहीच नाही.

त्यानं गाल भरले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, कपाळाची शीर तट्ट फुगली. आतून कुठूनतरी कोंबडीच्या पिल्लासारखा एक केविलवाणा आवाज निघाला आणि त्याला खोकला लागला. खोकला थांबेना. काकी पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. तो पाणी प्यायला, तरी छातीत काहीतरी शिट्टीसारखं वाजत राहिलं.

“ही... ही फार कडक आहे, बुवा. ही कुणाला वाजायची?”

बुवांनी सनई घेतली आणि फुंकली. सूर निघाला तो सरळ अंगण ओलांडून गेला. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, “बुवा, पालखी आजच काय?”

“न्हाई, उद्या!” बुवा ओरडले. मग पत्ती काढून त्यांनी तळहातावर ठेवली.

“कुणाची आहे ती?” उमाकांतनं विचारलं. “श्रीपतीमामांची?”

“तुझी.”

उमाकांतनं पत्ती उचलून उजेडाकडे धरली.

“पुण्याला जाताना हितंच इसरून गेलतास.”

...

काकींनी चहा आणला. चहा घेऊन झाला.

“मग मी... पालखीला नको?” उमाकांतनं विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

“नगो कशाला? श्रीपतीची जागा मोकळी हाय. सूर धर.”

मागची जागा. एवढ्या लांबून येऊन पुन्हा तीच. उमाकांतला वाईट वाटलं, रागही आला. सरळ उठून संध्याकाळची एसटी पकडावी असंही वाटलं. पण भाकऱ्यांचा वास सुटला होता, काकींनी त्याचं ताट वाढायला घेतलं होतं, आणि रागावून निघालेला माणूस जेवून निघाला तर राग शोभत नाही. तो राहिला.

पुनवेच्या सकाळी नदीवर जाण्याआधी त्यानं गोठ्यामागे एक ओढलीच. सवय अशी एका रात्रीत कुणाचं ऐकत नाही.

नदीवर गुलाल उडाला. देवीची आंघोळ झाली. खांदेकऱ्यांनी पालखी उचलली, संबळ घुमू लागला. बुवा पुढे झाले. उमाकांत त्यांच्या खांद्यामागे उभा राहिला. बुवांनी त्याला मधली पत्ती दिली होती, फार कडक नाही, फार मऊही नाही. त्याच्या मऊ पत्तीचा आवाज संबळानं केव्हाच गिळला असता.

त्यानं सूर धरला.

सूर धरायची रीत सांगायला सोपी आहे. गालांत हवा राखायची, ती ओठांवाटे सनईत सोडत राहायचं, आणि तेवढ्यात नाकानं नवी हवा छातीत घ्यायची. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा एकमेकींच्या आड येत नाहीत. लहानपणी उमाकांत हे करता करता कैऱ्या मोजायचा, पतंग बघायचा. एकदा तर सूर धरता धरता त्याला डुलकी लागली होती, आणि तरी सूर तुटला नव्हता.

नदीच्या पायऱ्या बऱ्या गेल्या.

मारुतीच्या पारापाशी चढ लागला. त्यानं नाकानं हवा ओढली. हवा थोडीच आत गेली आणि अडली. पुन्हा ओढली. छाती तर भरल्यासारखी तट्ट झाली होती, आणि तरी हवेची भूक भागत नव्हती. आतलं बाहेर जाईना, बाहेरचं आत येईना. बुवांचं वऱ्हाड त्याला आठवलं आणि त्याला हसूही येईना.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. सूर बारीक झाला.

खांदेकऱ्यांना ते सगळ्यात आधी कळलं. त्यांचे पाय मंदावले. पुढचा खांदेकरी मान वळवून बघू लागला. पालखी टेकवायची की काय, हे त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

आता तुटणार. बुवांच्या हयातीत पहिल्यांदा, आणि आपल्या तोंडून.

बुवांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी गाणं मध्येच सोडलं. एक पाऊल मागे आले, उमाकांतच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि त्यांच्या सनईतून तोच सूर निघाला. उमाकांतचा सूर जिथे विझत होता तिथेच तो लागला. मध्ये केसाएवढी फट पडली नाही.

मग त्यांनी भुवईनं खूण केली. पुढं हो.

उमाकांतला कळेना. त्यानं सनई तोंडातून काढली आणि हपापल्यासारखा श्वास घेतला. एक. दुसरा. तिसरा.

बुवांनी पुन्हा भुवई उडवली. पुढं हो की!

तो पुढे झाला.

छातीत एका ओळीपुरती हवा होती. त्यानं एक ओळ वाजवली आणि थांबला. थांबून श्वास घेतला. गाणं वाजवणाऱ्याला थांबता येतं, त्यात काही बिघडत नाही, कारण मागे सूर चालूच असतो. मग दुसरी ओळ. पुन्हा श्वास. लांबलचक ताना नाहीत, पुण्याची नक्षी नाही. जेवढी हवा तेवढंच गाणं.

आणि प्रत्येक ओळीनंतर तो गप्प झाला की मागचा सूर ऐकू यायचा. जाड, सरळ, न हलणारा. त्यात चढाची धाप नव्हती, वयाचा कंप नव्हता. असा सूर त्याच्या पाठीशी कधीच नव्हता! पुण्यात तो पेटीतून यायचा, बटण दाबलं की सुरू, बटण दाबलं की बंद. त्यामागे कुणाची तरी छाती असते हे तो साफ विसरला होता.

त्याला एकदम फार बरं वाटलं. लाज होती, धापही होती, तरी बरं वाटलं. लहानपणी बुवांच्या कडेवर बसून जत्रा बघताना वाटायचं, तसं.

पालखी देवळाच्या दारात पोचली. सूर थांबला तो दार ओलांडल्यावर.

लोकांनी उमाकांतला गराडा घातला. कुणी गळ्यात हार घातला, कुणी हातात नारळ दिला.

“काय वाजिवलंस रं! एकेक ओळ काळजात जात हुती!”

“थांबून थांबून काय मजा आनली!”

एक म्हातारी त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली. सरपंच बुवांकडे वळून म्हणाले, “बरं झालं, बुवा. पोरगं आलं. तुमी आता मागं निवांत.”

“व्हय व्हय,” बुवा म्हणाले. “लई निवांत.”

उमाकांतचे कान तापले. बुवा देवळाच्या पायरीवर बसून सनई पुसत होते. त्यांचा श्वास आत्ताच चहा पिऊन उठल्यासारखा चालला होता. आणि ज्याच्या गळ्यात हार होता, त्याचे खांदे अजून वरखाली होत होते.

गर्दी प्रसादाकडे सरकली. उमाकांतनं गळ्यातला हार काढला, नारळ बुवांपुढे ठेवला आणि खालच्या पायरीवर बसला. खोकला. थुंकीत कफ आला, तो त्यानं मातीनं झाकला.

“बुवा.”

“हं.”

“डॉक्टर आणखी एक म्हणाले होते.”

बुवा पुसत राहिले.

“म्हणाले, जेवढं गेलंय तेवढं सगळं काही परत मिळायचं नाही. पण आत्ता थांबलात तर उरलंय ते टिकेल. खोकला कमी होईल, जरा मोकळं वाटेल. नाही थांबलात तर... बसल्या जागी धाप लागेल एक दिवस.”

“ह्ये काल न्हाई सांगितलंस.”

“काल मला पुढं उभं राहायचं होतं.”

बुवा हसले. खालून नदीचा वारा आला. देवळात आरती सुरू झाली. दोघंही ऐकत बसले. उमाकांतला बुवांनी काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. सोड म्हणावं, शपथ घालावी, निदान रागवावं तरी. बुवांनी सनई पिशवीत घातली आणि नाडी ओढली.

आरती संपली.

“पुढच्या चैत्राला...” उमाकांत बोलायला लागला आणि थांबला. त्यानं श्वास घेतला, जेवढा मावला तेवढा.

“येशील की. पुढं वाजवायचंय न्हवं? वाजीव. लोकास्नी आवडलंय.”

“न्हाई, बुवा.” पुण्याची भाषा त्याच्या तोंडून कधी गळून पडली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. “पुढं नगो. मला मागं हुबं करा. सूर मला द्या.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं.

मग पायरीवरून उठता उठता त्याच्या खांद्यावर हात टेकवून म्हणाले,

“लई मोठं मागाय लागलास, उमा.”